शनिवारची वाफ

ट्राम पुलावरून वळली आणि कुणाच्या तरी स्कीचं टोक ओस्मोच्या डाव्या भुवईवर सप्पकन बसलं. मार्चमधला शनिवार, रस्त्यावर बर्फाचा चिखल, आणि तळ्यावरचं उरलंसुरलं घट्ट बर्फ गाठायला निघालेली तरणी पोरं डब्यात दाटीनं उभी. ज्याच्या काखेत स्की होत्या त्या पोरानं वळून आधी स्कीचं टोक तपासलं, मग ओस्मोकडे पाहिलं. "ओ काका, वळणावर धरून उभं राहायचं ना! आत्ता मोडली असती माझी स्की." भुवईतून काहीतरी कोमट ओघळलं आणि डोळ्यात उतरलं. आजूबाजूची माणसं लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. ताम्पेरे शहरात कुणाची अडचण झाली की माणसं अशीच मदत करतात. एका बाईनं मात्र बाहेर बघतबघतच कागदी रुमाल पुढे केला. ओस्मोनं तो घेतला, भुवईवर दाबला आणि पोराला म्हणाला, "माफ कर हं." मग तो रागाची वाट बघू लागला. पूर्वी वाट बघावी लागत नसे. पोटातून काहीतरी उसळायचं, कानशिलं तापायची, आणि काय झालंय हे नीट कळायच्या आधीच तोंड सुटलेलं असायचं. गाडी शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं त्याच्या शिव्या पाठ करून पार्ट्यांमध्ये म्हणून दाखवायची, आणि त्या शिव्या ऐकण्यासारख्या असायच्या हेही खरं. आज काहीच उसळलं नाही. राग गिळावासुद्धा लागला नाही, कारण गिळायला तोंडात काही नव्हतंच. दुखणंदेखील शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाचं असावं तसं वाटत होतं. चला, आइरीला दाखवायला बरं झालं, एवढा एकच विचार त्याच्या मनात आला आणि तोही सावकाश.

आइरी त्याची बायको. कागदोपत्री अजूनही बायकोच. काही वर्षांपूर्वी, पानं झडायच्या दिवसांत, तिनं दोन बॅगा भरल्या आणि ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ एका खोलीच्या घरात राहायला गेली. त्या दिवशी भांडणही झालं नव्हतं. "मला शांत झोपायचंय," एवढंच म्हणाली. ओस्मोला ते फार लागलं. मी कधी हात उचलला नाही, हे वाक्य तो त्या हिवाळ्यात स्वतःला, भावाला आणि एकदा तर दुकानातल्या मासेवाल्यालाही ऐकवून आला. मग त्यानं सवयी बदलायला शिकवणाऱ्या, नगरपालिकेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. शाळेच्या छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची. एकाला नखं खायची सवय सोडायची होती, एका बाईला वेळेवर पोचायला शिकायचं होतं, आणि ती पहिल्या दिवशी अर्थातच उशिरा आली. शिकवणारी विर्पी वयानं त्याची मुलगी शोभेल अशी. "तू रागीट नाहीयेस, ओस्मो," ती म्हणाली होती. "आपण रागीट आहोत असं तुला कुणीतरी लहानपणी सांगितलं, आणि तू इमानदारीनं त्या शब्दाला जागतोयस. आता दुसऱ्या शब्दाला जाग." "म्हणजे खोटं बोलायचं?" त्यानं विचारलं होतं. "खरं होईपर्यंत बोलायचं," विर्पी म्हणाली, आणि सगळ्या वर्गाला उद्देशून, "जुनं उगाळत बसायचं नाही हं कुणी. तो माणूस तुम्ही नव्हताच असं धरून चालायचं." ओस्मोनं ते मनावर घेतलं. अर्धवट काही करणं त्याला कधी जमलंच नाही. सकाळी अंघोळीच्या वेळी, दाढी करताना, शिकाऊ पोरगी गाडीत येऊन बसायच्या आधी, तो म्हणायचा: मी शांत माणूस आहे. पहिल्यांदा स्वतःचंच हसू आलं. मग हसू येईनासं झालं. मग एक दिवस लाल सिग्नलला एका पोरानं गाडी थेट चौकात घातली आणि ओस्मोनं आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबून म्हटलं, "काही हरकत नाही, परत बघू." ते पोरगं त्याच्याकडे असं बघत राहिलं की जणू मास्तर आजारी आहेत.

बदल झाला, याबद्दल वाद नव्हता. विर्पीनं पुढच्या वर्गांमध्ये त्याचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. पण घरी जाताजाता ट्रामच्या काचेत आपली रक्ताळलेली भुवई बघताना ओस्मोला वाटलं की राग गेला तेव्हा तो एकटा गेला नसावा. आधी ते लक्षात आलं नव्हतं. दात काढायच्या आधी बधिर करायची सुई देतात आणि दाताबरोबर ओठ, जीभ, अर्धा गालही जातो, तसं काहीतरी. गेल्या वर्षी आई गेली. शवपेटीपाशी फुलं ठेवून रिबिनीवरचे शब्द मोठ्यानं वाचायचे असतात, ते त्यानं स्वच्छ आवाजात वाचले, भाऊ हुंदके देत होता आणि ओस्मो मनात म्हणत होता की गाडी लावलीय तिथं तासाभराचीच परवानगी आहे. नंतर माशाचं सूप दोनदा घेतलं. सगळे म्हणाले, ओस्मो किती सावरून होता. आणि नोव्हेंबरमध्ये, अंधारात, एक शिकाऊ मुलगी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर गाडी घेऊन निघाली होती. ओस्मोच्या पायानं ब्रेक दाबला, म्हातारा काठी हलवत निघून गेला, मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. "छान," ओस्मो म्हणाला, "आता उजवीकडे." मुलीनं वर बघितलं. "मला ओरडा ना," ती म्हणाली. "प्लीज, ओरडा मला." त्यानं खरंच शोधून पाहिलं. छातीचा ठोकासुद्धा वाढला नव्हता. त्या रात्री त्याला पहिल्यांदा थोडी भीती वाटली, किंवा भीती वाटायला हवी असं वाटलं. या दोन्हींत फरक करणं त्याला आता जमत नव्हतं. पण आइरी परत आली की सगळं जागेवर येईल, असं त्यानं ठरवून टाकलं. गोष्टी ठरवून टाकायची कला त्याला आता चांगली अवगत होती.

आणि आइरी तर येतच होती. दर शनिवारी. त्यांच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, आहे, आणि दर घराला आठवड्यातला एक तास वाटून दिलेला. शनिवार संध्याकाळचा तास त्यांना फार वर्षं थांबल्यावर, तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा वारला तेव्हा मिळाला होता. "घर सोडता येतं, नवरा सोडता येतो," आइरी बॅगा उचलताना म्हणाली होती, "शनिवारची वेळ कोण सोडतं?" कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. ओस्मोच्या भावानं तर मान डोलावली. वेगळी राहणारी बायको दर शनिवारी टॉवेल आणि साबण घेऊन येते, नवऱ्याबरोबर तासभर उघडी बसून घाम काढते, मग वर येऊन सॉसेज आणि मोहरी खाते आणि शेवटच्या-आधीची ट्राम पकडून परत जाते, यात चमत्कारिक काय आहे? ओस्मोला त्यात फक्त आशा दिसायची. जिच्या मनात किंतु आहे ती बाई कुणासोबत सौनात बसेल का? गेल्या शनिवारी त्यानं शेवटी विचारलं होतं, "परत ये ना आता." तिनं टॉवेल डोक्याला गुंडाळत म्हटलं होतं, "पुढच्या शनिवारी सांगते." तो पुढचा शनिवार आज होता, आणि सकाळपासून तो आपल्याला धाकधूक होतेय का ते तपासत होता.

ओस्मोनं दार उघडल्याबरोबर आइरीनं पिशवी खाली टाकली. "अरे देवा, हे काय करून घेतलंस?"

"स्की लागली. ट्राममध्ये."

"तू ट्राममध्ये स्की कशाला नेल्या होत्यास?"

"मी नाही गं. एक पोरगा होता. वर मलाच बोलला, धरून उभं राहता येत नाही का म्हणून."

"मग?" ती कपाटातून कापूस काढत होती. तिचा हात थांबला.

"मग काय? माफ कर म्हणालो."

"तू म्हणालास?"

"मीच म्हणालो."

"फोटो तरी काढायचा कुणीतरी," आइरी हसली. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या चेहऱ्याकडे बघायची तिला सवय आहे. "बस. हात मांडीवर ठेव. हलायचं नाही." तिनं जखम धुतली, औषध लावलं, तेही हात लांब करून, दवाखान्यातल्यासारखं. "चुरचुरतंय?"

"नाही."

"थोडं तरी?"

"खरंच नाही."

ती कापूस हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू आल्यासारखं होतं आणि ते तिथंच राहिलं होतं. "तुझं हल्ली काहीच दुखत नाही," ती म्हणाली. त्यानं ते कौतुक समजून घेतलं.

तळघरात शेजारच्या होंगिस्तोबाई आपला तास संपवून लालबुंद होऊन बाहेर पडत होत्या. "दगड मस्त तापलेत आज," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांनी अंगावर झोडपायच्या बर्चच्या फांदीची पानं मोरीत सोडली असतील, तर घाल चार शिव्या पूर्वीसारख्या. हल्ली शनिवार अगदी सुना जातो बाबा, ओस्मो. जिन्यात काही करमणूकच नाही." आइरी हसली नाही, हे ओस्मोच्या लक्षात आलं. आत ते नेहमीसारखे बसले, तो वरच्या फळीवर भिंतीला टेकून, ती खाली दाराशी, पाण्याची बादली दोन पायांमध्ये आणि पळी हातात. तिचा रक्तदाब वरची उष्णता सोसत नसावा असं त्यानं कधीतरी धरून चाललं होतं आणि विचारायचं राहून गेलं होतं. "टाकू?" तिनं विचारलं. पाणी टाकण्याआधी विचारायचं असतं, वरच्याला वाफ आधी लागते. "टाक." दगड फुस्सकन बोलले आणि वाफ छताला लागून त्याच्या खांद्यांवर उतरली. तिचे केस पाठीमागून पांढरे झाले होते. ही पाठ तो इतकी वर्षं बघत आला होता की तिच्यावरचा प्रत्येक तीळ त्याला डोळे मिटून दाखवता आला असता; आता त्या पाठीकडे बघून मनात काय येतं ते त्यानं पाहिलं. पाठ आहे, एवढंच आलं. त्याचं त्याला वाईट वाटलं असतं, वाटता आलं असतं तर.

"मग? काय ठरवलंस?" तो म्हणाला.

आइरी दगडांकडे बघत होती. "सांगते," ती म्हणाली. पळी बादलीच्या काठावर ठेवली. दाराच्या फटीतून गार हवा येत असावी, तिच्या दंडावर काटा आलेला त्याला वरून दिसला, आणि त्याला वाटलं, हिला थंडी वाजतेय. त्यात प्रेम होतं का, ते सांगता यायचं नाही; काळजी घेणारा माणूस जे करतो ते त्यानं केलं. "थांब, मी टाकतो," म्हणून तो पुढे वाकला आणि तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यानं पळी उचलली.

बादली कलंडली. आइरी तिथं नव्हती. ती दाराबाहेर न्हाणीघरात उभी होती, पाठ भिंतीला, एका हातानं दार घट्ट धरलेलं आणि दुसरा हात उजव्या कानावर. ती तिथं कधी पोचली हे त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तिचा चेहरा पाहिला तर तिनंही पाहिलं नसावं. "अगं बाई," ती म्हणाली आणि हसायला गेली. "काय बाई हे. बघ ना. तू नुसतं पाणीच..." कानावरचा हात मात्र तिनं काढला नाही. ओस्मो पळी हातात घेऊन फळीवर बसून राहिला. त्या कानाकडे बघता बघता त्याला तळ्याकाठचं कॉटेज दिसलं, उन्हाळ्यातली ती अंधारच न पडणारी, सर्वांत उजेडी रात्र, तिच्या बहिणीचा नवरा होडी घेऊन गेला आणि मोटर मोडून परत आला. आइरी एवढंच म्हणाली होती, "जाऊ दे ना, माणूस आहे, चुकतो." त्यावरून. सौनात. ती वरच्या फळीवर होती आणि तो खाली, दाराला पाठ लावून उभा. त्यानं टाकू का म्हणून विचारलं नाही. पळीनं टाकलं, पुन्हा टाकलं, मग बादलीच उचलून दगडांवर ओतली, आणि तोंडानं बोलत राहिला, मोटरीबद्दल, तिच्या बहिणीबद्दल, तिच्या सगळ्या खानदानाबद्दल. ती ओला टॉवेल तोंडावर धरून कोपऱ्यात आक्रसून बसली होती. "ओस्मो, पुरे," म्हणाली होती. ओस्मो, पुरे. तो दारातून हलला नाही. नंतर तिच्या कानाच्या वरच्या कडेला फोड आले आणि तिनं दवाखान्यात सगळ्यांना उन्हानं भाजलं म्हणून सांगितलं. हे तो विसरला होता असं नाही. त्याला ते ठाऊक होतं आणि तरीही ते त्याचं नव्हतं. मी शांत माणूस आहे, असं तो इतक्या मनापासून म्हणत आला होता की तो विश्वास पुढे जाता जाता मागेही गेला, आणि तिथल्या त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला त्यानं पुसून टाकलं. हात उचलला नाही, हे खरंच होतं. फक्त बादली उचलली होती.

"आइरी," तो म्हणाला. "तो कान."

"असू दे," ती म्हणाली. मग एकदम, दाराआडून, दवाखान्यातला आवाज बाजूला ठेवून बोलायला लागली. "मला माहितेय तू बदललास. मी सगळ्यांना सांगते. माझी बहीण म्हणते, नाटक असेल, तर मी तिच्याशी भांडते. डोक्याला माझ्या शंभर टक्के पटलंय, ओस्मो."

"मग?"

"मग काय! तूच नाही का मला शिकवलंस ते सगळं, विर्पीबाई असं म्हणतात, विर्पीबाई तसं म्हणतात? मी पण करते. ट्राममध्ये बसले की इथं उतरेपर्यंत. मला ओस्मोची भीती वाटत नाही. मला ओस्मोची भीती वाटत नाही. वेडीसारखी. एकदा समोरच्या म्हातारीनं विचारलं, बाई, बरं वाटतंय ना?"

"दर शनिवारी?"

"तुला काय वाटलं, मी वाफेसाठी येते? माझ्या इमारतीत नवाकोरा सौना आहे. मी सरावाला येते इथं. आज तुला हो सांगायला आले होते, माहितेय? खरंच. पायऱ्या उतरतानासुद्धा हो होतं."

ओस्मोनं पळी फळीवर ठेवली, हळू, आवाज होऊ न देता. काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुन्हा कधीच कुणाला... असं एक वाक्य मनात सुरू झालं आणि ते विर्पीच्या वर्गातलं निघालं. त्यानं ते सोडून दिलं. "आता?" त्यानं विचारलं.

"आता नाही," आइरी म्हणाली. "माझा जीव नाही ऐकत रे. मी त्याला किती सांगितलं." तिनं कानावरचा हात काढून बघितला, जणू हातावर काही लागलंय. "मला जरा एकटीला बसू दे आत. आपला अर्धा तास आहे अजून. रागावू नकोस."

"मी रागावत नाही," ओस्मो म्हणाला, आणि या वाक्याचा आता कुणालाच काही उपयोग नाही हे त्याला कळलं.

तो खाली उतरला. ती बाजूला सरकली, गरजेपेक्षा जास्त, आणि तो तिच्याकडे न बघता कपडे बदलायच्या खोलीत आला. मागे न्हाणीघराची कडी लागली. त्यानं ओल्या अंगावरच पँट चढवली, मोजे हातात घेतले आणि बाकावर बसला. आत नळ वाहिला, बादली भरली. थोड्या वेळानं लाकूड करकरलं, एकदा, मग आणखी एकदा वर. ती वरच्या फळीवर गेली होती. मग दगडांवर पाणी पडल्याचा आवाज, भरपूर पाण्याचा. टाकू का म्हणून विचारायला तिथं कुणी नव्हतं. ओस्मो ऐकत राहिला. त्याला वाटलं, ती बाहेर आली की आपण नीट सांगू. कॉटेजचं सांगू, दाराचं सांगू, मला आठवतंय म्हणू. ती ऐकून घेईल, तिचा स्वभावच तसा आहे. त्याच्या छातीत कुठंतरी, खूप खोल, काहीतरी हललं आणि ते दुखलं. इतक्या दिवसांनी काही दुखतंय म्हणून त्याला जवळजवळ बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"ओस्मो?" आतून हाक आली. "आहेस का रे तिथं?"

आवाज गोड होता. पण तो काय विचारतोय हे त्याला समजलं. बाक दाराच्या अगदी समोर होता आणि बाहेर जायची वाट त्याच्या गुडघ्यांना लागून होती; तो पुन्हा तिच्या वाटेतच होता. "जातोय," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नसावं. "ओस्मो?" तिनं पुन्हा विचारलं. दोन दारांपलीकडे पोचवायचं म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "वर जातोय! सौनाची किल्ली खुंटीवर ठेवतो!" आणि तळघराच्या फरशांमध्ये त्याचा तो जुना, भरघोस आवाज घुमला. आत पाण्याचा आवाज थांबला. लाकूड करकरलं नाही, काहीच झालं नाही. ती श्वास धरून बसली असणार, टॉवेल तोंडाशी घेऊन. हळू बोललं तर तिला ऐकू जाणार नव्हतं आणि मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. ओस्मोनं किल्ली खुंटीवर लावली, बूट घातले, आणि तो खरंच जातोय हे तिला आतून कळावं म्हणून प्रत्येक पायरीवर पाय आपटत तो वर गेला.